‘शिवून दे ना, कागद काय विकतेस?’

वाचकाचे पत्र : मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते. वय ३६. आयटीआयमध्ये शिवणकामाचा अभ्यासक्रम केल्यावर सहा वर्षे तयार कपड्यांच्या एका कारखान्यात फर्मे, म्हणजे कापड बेतण्यासाठीचे कागदी नमुने, काढण्याचे काम केले. दोन वर्षांपूर्वी ती नोकरी सोडून स्वतःचे पॅटर्न, म्हणजे असेच फर्मे, तयार करू लागले आणि ते पीडीएफ स्वरूपात विकू लागले. आजवर अकरा पॅटर्न झाले, त्यांपैकी तीनच बरे चालतात. सूचना इंग्रजीत लिहिते, कारण त्या तशाच शोभतात असे वाटते. गेले काही महिने नवे काहीच सुचत नाही. दिवसभर परदेशी डिझायनरांची कामे मोबाइलवर पाहते आणि संध्याकाळी कोऱ्या खाकी कागदासमोर बसून नुसतीच उठते. सासूबाई म्हणतात, ‘शिवून दे ना, कागद काय विकतेस?’ त्यातच, माझ्या फ्रॉकच्या पॅटर्नच्या झेरॉक्स एका शिवणवर्गात वाटल्या गेल्याचे कळले. लग्नसराईत ब्लाउज शिवायला घ्यावेत, की पुन्हा नोकरी धरावी? स्वतंत्रपणे पॅटर्न करणाऱ्या बाईचा दिवस नेमका कसा असतो? (कुर्तीची बाही पुढून ओढते अशी तक्रार दोन-तीन जणींनी केली आहे. त्या बाहीची आकृती सोबत पाठवत आहे.)

सप्रेम नमस्कार ताई,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा सासूबाईंच्या वाक्याशी थांबले. ते वाक्य तुम्हाला टोमण्यासारखे लागले असावे, परंतु मला त्यात आपल्या धंद्याचा सगळ्यात अवघड प्रश्न दिसतो. आपल्याकडे शिंप्याकडे जाताना कुणी कागद घेऊन जात नाही, ‘मापाचा ब्लाउज’ घेऊन जाते. अंगात चांगला बसणारा जुना कपडा हाच आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा फर्मा असून तो वाचण्याची विद्या शिंप्याच्या बोटांत असते. अशा मुलखात कागदावरचे बेतकाम विकत घेणारी व्यक्ती कोण, हे एकदा मनाशी ठरले की तुमचे निम्मे प्रश्न सुटतील असे मला वाटते.

मापावार कागदी फर्मे विकण्याची कल्पना ज्याच्या नावावर आहे तो एबेनेझर बटरिक अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्टर्लिंग गावचा शिंपी होता. १८६३ साली त्याने मापावार फर्मे विकायला सुरुवात केली. त्याच्या आधीही फर्मे मिळत, पण ते बहुधा एकाच मापाचे असत आणि लहानमोठे करण्याचे काम शिवणारीवर पडे. मुलांच्या कपड्यांचे फर्मे वेगवेगळ्या मापांत मिळाले तर किती सोय होईल, हे त्याच्या पत्नीने सुचवले असे सांगतात. यात मला महत्त्वाचे वाटते ते असे, की शिवण येणाऱ्या शिंप्याने हा कागद शिंप्यांसाठी काढला नव्हता. घरी मशीन आहे, हौस आहे, गरजही आहे, पण बेतण्याची विद्या मात्र नाही, अशा बाईसाठी तो होता. तुमची गिऱ्हाईकही तीच आहे. लग्नात मिळालेले मशीन कव्हर घालून कोपऱ्यात ठेवलेली, शिवणवर्गात तीन महिने गेलेली, ‘छातीचा चौथा भाग अधिक दीड इंच’ एवढेच वहीत शिल्लक राहिलेली, आणि मुलीसाठी स्वतःच्या हाताने काहीतरी शिवावे असे मनापासून वाटणारी. रात्री घरातले झोपल्यावर ती मशीन उघडते आणि अडली तर विचारायला तिच्याजवळ कुणी नसते. तिथे तुमचा कागदच तिच्याशी बोलणार असतो. म्हणून माझे म्हणणे असे, की तुमचा व्यवसाय रेषा काढण्याचा जितका आहे त्याहून अधिक, न पाहिलेल्या माणसाला नीट सांगण्याचा आहे. सासूबाईंनाही हेच उत्तर द्यावे आणि जमल्यास त्यांनाच एक पॅटर्न शिवायला बसवावे. त्या कुठे अडतात ते पाहणे कोणत्याही प्रशिक्षणापेक्षा उपयोगाचे ठरेल.

हे मी शहाणपणाने शिकलेले नाही. माझ्या पहिल्या पॅटर्नांपैकी एक दोन वर्षांच्या मुलीचा बिनबटणांचा फ्रॉक होता. त्या वयात डोक्याचा घेर साधारण ४७-४८ सेंटीमीटर असतो, म्हणून गळा मी ५० सेंटीमीटरचा ठेवला होता आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होते. एका आईने कळवले की फ्रॉक सुरेख झाला आहे, परंतु तो डोक्यातून जात नाही. पाठोपाठ दुसरीचेही तेच पत्र आले. दोन दिवस मी माझी आकृती तपासत बसले, पण तीत चूक सापडेना. शेवटी लक्षात आले की छापताना प्रिंटरने ‘पानात मावेल असे’ हा पर्याय आपोआप धरला होता आणि सगळे बेतकाम ९४ टक्क्यांवर आले होते. ५० सेंटीमीटरचा गळा ४७ वर आला आणि दोन चांगले फ्रॉक वाया गेले. दोष प्रिंटरवर ढकलणे सोपे होते, पण पहिल्या पानावर मोजून पाहण्यासाठी चौकोन मी दिला नव्हता, ती चूक माझीच होती. तेव्हापासून माझ्या प्रत्येक पॅटर्नच्या पहिल्या पानावर ठळक रेषेचे दोन चौकोन असतात, एक १० सेंटीमीटरचा आणि दुसरा ४ इंचांचा, आणि त्यांच्याखाली लिहिलेले असते : ‘हे पान आधी एकटेच छापा, पट्टीने मोजा, बरोबर आले तरच पुढची पाने छापा.’ दोन्ही एकके द्यावीत, कारण आपल्याकडे टेप इंचांत वाचली जाते, शाळेच्या कंपासपेटीतली पट्टी सेंटीमीटरांत, आणि जुन्या कारागिरांच्या तोंडी तर अजून ‘सूत’ असते, म्हणजे इंचाचा आठवा भाग.

मोठ्या माणसांच्या कुर्तीला ए-४ आकाराची तीसेक पाने सहज लागतात आणि ती चिकटवतानाच अनेकींचा उत्साह संपतो. ए-० आकाराच्या एका कागदात ए-४ ची सोळा पाने मावतात. बांधकामाचे नकाशे छापून देणाऱ्या दुकानांत तो आकार मिळतो, तेव्हा त्या आकाराची फाइल स्वतंत्र देत चला.

आता सूचनांच्या भाषेविषयी. इंग्रजी शोभते हा समज तुम्ही सोडून द्यावा असे मी आग्रहाने सांगेन. माझ्या ओळखीच्या एका मुलीने ‘राइट साइड टुगेदर’ हे शब्द वाचून कापडाच्या उजव्या हाताच्या कडा जुळवल्या होत्या, कारण राइट म्हणजे उजवे हे तिला शाळेपासून पाठ होते. ‘सुलटीवर सुलट ठेवा’ असे लिहिले असते तर तिचे एक मीटर कापड वाचले असते. आपल्या भाषेत या कामाचे शब्द पुष्कळ आहेत आणि ते नेमके आहेत : मुंढा (बाही जोडायची गोलाई), बगल, कळी, घेर, चुन्या, अस्तर, उरेब पट्टी (तिरकी कापलेली पट्टी), धावदोरा, काज, पन्हा (कापडाची रुंदी), उभा धागा (कापडाच्या लांबीचा धागा). शिवणीबाहेर जे कापड सोडतो त्याला आपण ‘माया’ म्हणतो, आणि ‘बाजूच्या शिवणीला एक इंच माया ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी फ्रॉक सैल करता येईल’ असे वाक्य वाचताच मराठी बाईला ते का करायचे आहे हेही समजते. जिथे इंग्रजी शब्दच रुळला आहे तिथे तो ठेवावा. टक्स, प्रिन्सेस कट, कॉलर, इलॅस्टिक यांना ओढूनताणून प्रतिशब्द शोधण्याची गरज नाही. ‘पॅटर्न’ म्हणावे, ‘फर्मा’ म्हणावे की शिवणवर्गातल्यासारखे ‘पेपर कटिंग’, यावरही वाद घालू नये. पहिल्या पानावर तिन्ही शब्द एकदा लिहून टाकावेत आणि पुढे एकच वापरावा.

एका वाक्यात एकच क्रिया सांगावी, आणि त्यानंतर काय दिसायला हवे तेही सांगावे. ‘मुंढ्याला उरेब पट्टी लावा’ एवढ्याने भागत नाही. ‘पट्टी लावताना ती किंचित ताणून धरा, शिवून झाल्यावर मुंढा सपाट बसला पाहिजे, लाटा दिसत असतील तर पट्टी सैल लागली आहे, तेवढा भाग उसवा’ असे लिहिले, तर तिला आपली चूक आपली आपण पकडता येते. हे लेखन वेळ खाते. मला फर्मा काढायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ सूचना लिहायला लागतो, आणि त्यात कपात करायचा मी केलेला प्रत्येक प्रयत्न पुढे शंकांच्या फोनच्या रूपाने व्याजासह परत आला आहे.

सुचत नाही, या तुमच्या तक्रारीवर मी थोडे कडक बोलणार आहे. मोबाइलवर तुम्ही जे पाहता ते कपडे नसून कपड्यांची छायाचित्रे आहेत. त्यांत माणूस हात खाली सोडून, पोट आत घेऊन, स्तब्ध उभा असतो. आपला कपडा मात्र वाकतो, बसतो, स्कूटरवर चढतो, वरच्या फळीवरचा डबा काढतो. कपडा कुठे त्रास देतो हे पाहिल्याशिवाय नवा कपडा सुचत नाही, निदान मला तरी सुचलेला नाही, आणि तो त्रास पाहायला नाशिकसारखी जागा नाही.

उदाहरण देते. द्राक्षाच्या हंगामात कधी दिंडोरी किंवा निफाडच्या बाजूला एखाद्या बागेत जाऊन उभ्या राहा. काम करणाऱ्या बहुतेक बायांनी साडीवर पुरुषाचा फुल बाह्यांचा शर्ट घातलेला असतो. ऊन, काड्यांचे ओरखडे आणि फवारणीचे डाग यांपासून तेवढेच संरक्षण मिळते. पण त्या शर्टाकडे शिवणारीच्या नजरेने पाहा. खांद्याची शिवण दंडावर उतरलेली असते. खालची बटणे निऱ्यांवर बसत नाहीत म्हणून उघडीच असतात. खिसा छातीवर असल्यामुळे वाकले की मोबाइल खाली पडतो. मुख्य गोष्ट म्हणजे मांडवाच्या बागेत घड डोक्यावर असतात, त्यामुळे विरळणी असो की काढणी, हात तासन्‌तास वर असतात, आणि हात वर गेला की अख्खा शर्ट वर ओढला जातो, कारण साहेबी शर्टाचा मुंढा हात खाली ठेवणाऱ्या माणसासाठी बेतलेला आहे. याला उत्तर आपल्या जुन्या बेतकामातच आहे. अंगरखा आणि बंडी बेतताना बगलेत चौकोनी तुकडा घालत, आणि त्यामुळे हात वर नेला तरी अंगाचे कापड जागचे हलत नसे. बगलेत तो चौकोन, कंबरेखाली दोन्ही बाजूंना चिरा, निऱ्यांचा विचार करून वाढवलेला घेर आणि कंबरेच्या वर, बाजूच्या शिवणीत, झाकण असलेला खिसा, असा शर्ट मी दोन हंगामांपूर्वी बेतला. दिसायला तो अगदी साधा आहे आणि त्याचे छायाचित्र कुणी थांबून पाहणार नाही. तरीही तो माझा सर्वांत जास्त विकला जाणारा पॅटर्न आहे, आणि विकत घेणाऱ्यांत बागेत कधी पाऊल न टाकलेल्या, गच्चीवर कुंड्या सांभाळणाऱ्या शहरी बायाच अधिक आहेत. त्याचे कारण मला अजून पुरते उमगलेले नाही.

सुचण्याचा दुसरा झरा म्हणजे कापड स्वतः. येवला आपल्याच जिल्ह्यात आहे. घराघरांतून जुन्या पैठण्या पडून आहेत आणि नातीला परकर-पोलके शिवायची इच्छाही आहे, परंतु कात्री लावायला हात धजत नाही. अशा कापडाचे बेतकाम अंगापासून सुरू होत नाही, काठापासून सुरू होते. काठ घेराला यायचा म्हणजे परकराची उंची काठाकडून वर मोजावी लागते, पदरावरचे मोर उलटे होणार नाहीत याची काळजी घ्यावी लागते, आणि विरलेला भाग कुठे आहे हे कापड उजेडात धरून आधी पाहावे लागते. उभ्या-आडव्या धाग्याचा नेहमीचा नियमही इथे बदलतो, कारण काठ आडवा आला की उभा धागा कमरेभोवती फिरतो. खणाचेही तसेच आहे. त्याचा पन्हा लहान, म्हणून पोलक्याची बाही आणि पाठ कशी बसवायची याचे गणित वेगळे पडते. झबले आणि कुंची तर जवळजवळ नुसत्या चौकोनांतून बेतली जातात आणि त्यांत चिंधीही वाया जात नाही. तुमच्या आजीच्या किंवा सासूबाईंच्या पेटीत एखादी जुनी कुंची असेल तर ती सपाट पसरून मापे उतरवून घ्या. एका दुपारी जेवढे शिकाल तेवढे महिनाभर मोबाइल पाहून शिकणार नाही.

तिसरी गोष्ट, एक लहान वही जवळ बाळगा आणि तिच्यात फक्त तक्रारी लिहा. शालिमारच्या बसथांब्यावर, मेन रोडच्या गर्दीत, वाचनालयात, लग्नाच्या पंगतीत बायका कपडे कसे सावरतात ते पाहा : कुठे ओढणी पिनेने अडकवली आहे, कुठे गळा सारखा मागे जातो आहे, कोण खिसा नाही म्हणून किल्ली रुमालाला बांधते आहे. कुणाचे नाव लिहू नका, वर्णनही नको, फक्त कपडा आणि त्याची अडचण लिहा. माझ्या अशा चार वह्या झाल्या आहेत आणि मला सुचले नाही असे अलीकडे घडलेले नाही. वेळ पुरला नाही, असे मात्र नेहमी घडते.

दिवसाचे विचारलेत, तर माझा दिवस सांगते. तो तुम्हाला नीरस वाटेल. सकाळी साडेसहा ते नऊ मी रेषांचे काम करते, कारण तेव्हा डोळे ताजे असतात आणि फोन वाजत नाही. खाकी कागदावर पेन्सिलने मूळ आकृती काढते, नंतर ती संगणकावर घेते. इंकस्केप आणि व्हॅलेंटिना या दोन्ही प्रणाली फुकट मिळतात आणि एकट्या माणसाला पुरतात, महागड्या प्रणालीसाठी कर्ज काढू नका. स्वयंपाकपाणी आटोपल्यावर दुपारी कच्चा कपडा, म्हणजे फर्मा तपासण्यासाठीचा नमुना, शिवते. त्यासाठी कोरा मांजरपाट वापरते, तो आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून. मालेगावच्या मागांवरचे साधे कोरे कापड यासाठी चांगले असते आणि स्वस्तही पडते. कच्च्या कपड्यावर मी बॉलपेननेच लिहिते, ‘इथे अर्धा इंच जास्त’, ‘इथे ओढते’, आणि तो फेकून न देता पॅटर्नच्या पुठ्ठ्याबरोबर बांधून ठेवते. संध्याकाळी एक तास पत्रांना आणि शंकांना. पावसाळ्यात कागद दमट होऊन कडा वळतात, म्हणून मूळ फर्मे गुंडाळून न ठेवता खिळ्याला टांगते. आठवड्यातला एक दिवस मशीनला हात लावत नाही, त्या दिवशी बाहेर हिंडते, आणि तोही कामाचाच दिवस धरते. या वेगाने माझे वर्षाला चार पॅटर्न होतात. तुमचे दोन वर्षांत अकरा झाले, म्हणजे तुम्ही धावला आहात. न चालणाऱ्या आठांतले पाच तरी पुन्हा उघडून पाहावेत असे मला वाटते.

उघडाल तेव्हा आधी मापांची श्रेणी तपासा. कारखान्यात तुम्ही हे केलेच आहे, पण एकट्याने काम करताना घाईत संगणकावर सगळी आकृती सरसकट मोठी करण्याचा मोह होतो. छाती दोन इंचांनी वाढली की पुढच्या आणि मागच्या प्रत्येक अर्ध्या भागाला अर्धा इंच येतो हे खरे, परंतु खांदा त्या प्रमाणात वाढत नाही, सबंध खांद्यात पाव ते अर्धा इंच पुरतो, आणि गळा तर त्याहूनही कमी वाढतो. नाही तर ४४ च्या मापाची कुर्ती छातीला बसते आणि खांद्यावरून घसरते. त्यापुढच्या मापांत वाढ मागे-पुढे सारखी वाटून चालत नाही, पुढच्या भागाला अधिक द्यावी लागते. त्या मापांसाठी मी स्वतंत्र मूळ आकृती काढते. भारतीय अंगकाठीचे प्रमाणित मापपत्रक असावे म्हणून निफ्ट या फॅशनशिक्षणाच्या संस्थेने सहा शहरांत १५ ते ६५ वयाच्या पंचवीस हजार लोकांची मापे घेण्याचा प्रकल्प हाती घेतला. त्या सहांत मुंबई आहे, नाशिक नाही. म्हणून आपली मापांची वही आपणच भरावी. प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्या बाईची परवानगी घेऊन छाती, कंबर, दंड, पाठीची उंची एवढी चार मापे घेतली, तरी वर्षाअखेरीस तुमच्याकडे उपयोगी साठा होतो.

चाचणीसाठी मैत्रिणींना कपडा शिवायला दिला तर त्या कौतुक करतील आणि कौतुक निरुपयोगी असते. एक अगदी नवशिकी, एक जाड, एक उंच आणि एक मुद्दाम घाईने काम करणारी अशा चौघी निवडा, कापडाचे पैसे द्या, आणि ‘आवडला का’ असे न विचारता ‘कोणत्या पानावर थांबलात’ एवढेच विचारा. दोघी एकाच ठिकाणी थांबल्या असतील तर ते पान पुन्हा लिहा.

ब्लाउजचे आणि नोकरीचे. लग्नसराईतले ब्लाउज घेऊ नका. तो पैसा रोख असतो आणि आकर्षक असतो, परंतु नोव्हेंबरपासून मेपर्यंत तुमच्या सकाळी त्यात जातील, आणि मुहूर्ताच्या आदल्या रात्री ब्लाउजच्या छातीवरच्या कटोरीत पाव इंच कमी पडल्यावर जे बोलणे ऐकावे लागते त्यानंतर रेषांचे काम होत नाही. त्याऐवजी दुरुस्तीची कामे घ्या, आठवड्यातले दोन दिवस दुपारी. सैल करणे, आवळणे, बाही बदलणे यांत दुसऱ्याचे बेतकाम उसवायला मिळते, कुठे कपडा ताणला गेला आहे हे शिवणीवरच लिहिलेले दिसते, आणि तुमची तक्रारवही फुकट भरते. घरखर्चाला हातभार हवाच असेल तर अंबड किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत अर्धवेळ फर्म्यांचे काम मिळते का पाहा. पूर्णवेळ नोकरीचा विचार मात्र एक वर्षाने करा, जुने पाच पॅटर्न मराठी सूचनांसह दुरुस्त करून झाल्यावर. त्यानंतरही विक्री हलली नाही, तर नोकरी धरण्यात कसलाही कमीपणा नाही.

झेरॉक्सच्या बाबतीत तुमचा राग योग्य आहे, पण त्याचा उपयोग करून घ्या. तुमची आकृती, सूचनांचा मजकूर आणि छायाचित्रे यांना १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे संरक्षण नोंदणीशिवायही आहे. ‘पुढे बटणे असलेला घेरदार फ्रॉक’ या कल्पनेवर मात्र कुणाचीच मालकी नसते, आणि कपड्याच्या बाह्यरूपाला हवे असेल तर २००० चा डिझाइन कायदा वेगळा आहे, त्यात नोंदणी करावी लागते. दीडशे रुपयांच्या पॅटर्नसाठी वकिलाकडे जाण्यापूर्वी त्या वर्गाच्या बाईंना स्वतः भेटा. त्यांनी तुमचा पॅटर्न निवडला, याचा अर्थ तो शिकवण्याजोगा आहे. वीस विद्यार्थिनींच्या तुकडीसाठी एकरकमी परवाना द्या, प्रत्येक पानावर तुमचे नाव आणि ‘वर्गासाठी’ अशी ओळ छापा, आणि दर सत्राला नवा पॅटर्न देण्याचे कबूल करा. मी असे तीन वर्गांशी ठरवले आहे. त्यांपैकी एकाने पैसे उशिरा दिले, दोघांनी वेळेवर.

ता. क. तुम्ही पाठवलेली बाहीची आकृती पाहिली. गोलाई बरोबर आहे, पुढच्या बाजूला ती मागच्यापेक्षा खोल घेतली आहे, जशी असायला हवी. फक्त पुढची बाजू कोणती हे सांगणारी खाच कुठेच नाही, त्यामुळे शिवणारी बाही उलटी लावते आणि ती पुढून ओढते. बाहीच्या गोलाईवर पुढे एक खाच आणि मागे दोन खाचा द्या, त्यांच्याशी जुळणाऱ्या खाचा मुंढ्यावरही पुढे एक व मागे दोन द्या, आणि ‘एकाला एक, दोनाला दोन’ असे सूचनांत लिहा. ज्यांनी तक्रार केली आहे त्यांना दुरुस्त पान पाठवताना हेही कळवा, की दोन्ही बाह्या उसवून उजवीकडची डावीकडे आणि डावीकडची उजवीकडे लावली तर कुर्ती बहुधा नीट बसेल, नवे कापड आणावे लागणार नाही.